परांसचे स्वामी

आमच्या देवघरात एक फ्रेंच इंजिनिअर आहे. मठातल्या थोरल्या स्वामींच्या तसबिरीच्या जरा खाली, डाव्या हाताला. गळ्याला काळं फडकं बांधलेला, गालांवर कल्ले ठेवलेला, आणि काचेवरून कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढलेला. उदगीरच्या आमच्या घरात तो माझ्या लग्नापासून आहे आणि गेली कित्येक वर्षं कुणाच्या डोळ्यांवर आला नव्हता.

परवा आला. नातसून नवीन आहे, लातूरची, इंजिनिअरिंगची पदवी घेतलेली. देवघर पुसायला बसली आणि फडकं हातातच राहिलं.

"आज्जी, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार. रागवायचं वय गेलं, आता मी नुसती चिडवते."

"हे आमच्या पुस्तकात होते. वाळूतून पाणी किती वेगानं जातं, त्या नियमाच्या पानावर."

"हां. तेच ते."

"मग इथं?"

"इथं ते परांसचे स्वामी," मी म्हटलं, आणि पोरगी फडकं तोंडाला लावून अशी हसली की निरांजन विझलं.

तेव्हा आता लिहूनच ठेवते. घरातल्यांना यातली अर्धी गोष्ट ठाऊक आहे, आणि ती अर्धीही चुकीची, कारण ती आमच्या ह्यांनी सांगितलेली आहे.

मी नांदेडच्या तंत्रनिकेतनात स्थापत्यचा डिप्लोमा करत होते. वर्गात मी एकटीच मुलगी, आणि याचा मला इतका ताठा की ड्रॉइंग बोर्ड मी रिक्षात ठेवायची नाही, भर बाजारातून छातीशी धरून चालत न्यायची. टी-स्क्वेअर तर असा धरायची जणू आत्ता गड सर करायचाय. दुकानदार वाटेतून बाजूला होत. मला वाटायचं मानानं होतात. बोर्डाचा कोपरा पोटात घुसू नये म्हणून होत होते, हे मला फार उशिरा कळलं.

अशा त्या बयेचं मन एका फ्रेंच माणसावर बसलं. रद्दीतल्या इंग्रजी मासिकात त्याचं चित्र सापडलं, ते कापून मी पुठ्ठ्यावर चिकटवलं. तो जाऊन शंभरावर वर्षं झाली होती. ही तर त्याची जमेची बाजू. तो चिठ्ठ्या पाठवत नव्हता, सायकलवरून मागं मागं येत नव्हता, आणि आमच्या वर्गातल्या पोरांसारखा माझ्याकडूनच नकाशे काढून घेत नव्हता. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. आमचे सर ते एका तऱ्हेनं उच्चारायचे, परीक्षेला बाहेरून येणारे सर दुसऱ्या, आणि मी आरशासमोर उभी राहून तिसऱ्याच. तिन्ही चूक होत्या, हे नातसुनेनं परवा मोबाइलवर ऐकवलं.

त्याचं आयुष्य मात्र मला तोंडपाठ होतं. पोरवयात बाप गेला. आईनं ठरवलं, पोरगा शिकलाच पाहिजे, आणि शिकवला. राजधानीत पूल-रस्त्यांच्या सरकारी शाळेत शिकून तो इंजिनिअर झाला, आणि परत आपल्याच गावी नोकरीला आला. गावाचं पाणी म्हणजे नाक धरून प्यायचं. विहिरीला लागून शौचकूप, नाल्यात सगळ्या गावाची घाण. यानं डोंगरातला एक झरा हेरला आणि झाकलेल्या पाटानं तो गावात आणला. पंप नाही, काही नाही, नुसत्या उतारावर. पुढं झाकलेली टाकी, रस्त्यारस्त्याखाली नळ, चौकाचौकात तोट्या, कुणीही यावं आणि भरून न्यावं. त्याबद्दल त्याला मोठं बक्षीस मिळायचं होतं. त्यानं घेतलं नाही. एवढंच मागितलं, की जिवंत असेतो माझ्या घराला पाणी फुकट मिळावं. हे वाचून मी होस्टेलच्या गच्चीवर रडले होते. आता सांगायला हरकत नाही, रडण्यात कौतुक त्याचं निम्मं आणि माझं निम्मं होतं. इतक्या थोर माणसावर आपलं मन बसलं म्हणजे आपणही काही कमी नाही, असा हिशेब.

डिप्लोमा झाला, सरकारी नोकरीला अर्ज टाकला, आणि मुखेडला माहेरी बघायला पाहुणे आले. उदगीरचं घर, मोंढ्यात आडत, आपल्यातलेच लिंगायत. मुलाची आई कर्नाटकातल्या भालकीकडची. तिला घरात सगळे अव्वा म्हणत, पुढं मीही म्हणू लागले. बोलता बोलता मधेच कानडी यायचं.

अव्वांनी माझं विणकाम बघायला मागितलं. विणकाम नव्हतंच. आईनं घाईघाईनं माझ्या नकाशांची गुंडाळी आणली, ती उलगडली, आणि पुठ्ठा सरळ अव्वांच्या मांडीवर पडला.

"हे येनू?" अव्वांनी चित्र उजेडाला धरलं. "कोण म्हणायचे हे?"

आईचा चेहरा चुन्यासारखा झाला. समोर बसलेल्या मुलानं पहिल्यांदा मान वर केली. खरं म्हणजे मी सांगायला हवं होतं, पुस्तकातलं चित्र आहे. पण ताठा आड आला. मी म्हटलं, "माझे गुरू."

आता हा शब्द आपल्यात असा सहज टाकायचा नसतो. प्रत्येक घराचा मठ ठरलेला, गुरू ठरलेला. अव्वा सावरून बसल्या.

"गुरू? मठ कंचा त्यांचा?"

"फ्रान्सचे आहेत."

"परांस." अव्वांनी आठवून बघितलं. "परांस म्हंजे हुमनाबादच्या पुढं हाय का?"

"हो," मी म्हटलं. "बरंच पुढं."

खोटं त्यात काही नाही, आजही नकाशा काढून दाखवीन. आईनं माझ्या पायावर पाय दिला होता, म्हणून पुढचं राहिलं एवढंच. मुलगा मात्र रुमालात खोकायला लागला. त्याला कळलं होतं. त्या खोकल्यावरच मी होकार दिला.

लग्न होऊन आले तर बघायला आल्या तेव्हाच अव्वांनी बरोबर नेलेल्या त्या चित्राला चौकट झालेली. अव्वांनी ते देवघरात ठेवलं, भस्म लावलं, आणि मला म्हणाल्या, "तुज्या गुरूला उघड्यावर ठिवू नको. ट्रंकंत बी नको, गुदमरतील." ह्यांनी मागच्या मागं खूण केली, गप बस. मी गप बसले. माझा प्रियकर माझ्याच सासूच्या हातानं देवघरात गेला होता. गप बसण्याखेरीज करणार तरी काय?

मग नोकरीचा हुकूम आला. पाणीपुरवठ्याच्या कामावर कनिष्ठ अभियंता, ठिकाण देवणी, उदगीरहून एसटीनं रोज जाऊन येऊन. मला त्या नोकरीपुढं दुसरं काही दिसत नव्हतं. नोकरी गेली असती तर बाजारातून मिरवलेला तो बोर्ड पोळपाटाच्या कामाला लागला असता, आणि मी एकदाही कुठं पाणी पोचवलं नसतं.

मामंजींनी एका वाक्यात निकाल दिला. "आपल्या घरची सून चर मोजत हिंडनार न्हाई. लोक काय म्हनतील, आडतीवाल्याची सून ओवरशेर झाली?"

अव्वा भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "हिच्या गुरूची काय आज्ञा हाय ते तर इचारा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पदर सारखा केला, तोंड शक्य तितकं सात्त्विक केलं, आणि म्हटलं, "पाण्याचं कायक करावं, ही आज्ञा."

कायक म्हणजे नुसतं काम नव्हे. हाताचं काम हीच पूजा, असं आपल्यात मानतात, तो शब्द. तो उच्चारल्यावर मामंजींना एकदम नाही म्हणता येईना. अव्वांनी विचारलं, "म्हंजे कसं?" मग मी सांगितलं. बाप गेलेला पोरगा, शिकवणारी आई, घाण पाणी, डोंगरातला झरा, चौकातल्या तोट्या, न घेतलेलं बक्षीस. देशाचं नाव तेवढं घेतलं नाही. अव्वांनी माहेरी असताना मैलभरावरून पाणी वाहिलं होतं आणि त्यापायी त्यांची कंबर एका बाजूला झुकली होती. तव्यावरची भाकरी करपली, तरी त्या ऐकत होत्या.

"अन् सोताला काय घेतलं म्हनलीस?"

"घरचं पाणी. फुकट. मरेपर्यंत."

"एवढंच?"

"एवढंच."

मामंजी म्हणाले, "मला तर हितं कुठंतरी पानी मुरतंय असं वाटून राह्यलंय." पण त्यांनी मधला मार्ग काढला. श्रावणात आपले स्वामी घरी येतील. तोवर जाऊ दे. स्वामी म्हणाले तर नोकरी राहील, नाही म्हणाले तर राजीनामा.

मी सकाळच्या एसटीनं देवणीला जाऊ लागले. वाटेत बाजाराला निघालेली पांढरी, काळ्या कानांची देवणी गुरं रस्ता अडवून उभी राहायची. मी खिडकीतून घड्याळ दाखवायची, जणू बैलांना हजेरीपट असतो. ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनी मला पहिलं काम दिलं ते असं. एका गावाला ओढ्याचं पाणी वाळूतून गाळून द्यायचं होतं. कुठली वाळू घ्यावी, तिच्यातून पाणी किती येईल, ते तपासायचं. "ऑफिसात जागा नाही, घरी करा," ते म्हणाले. मला तर आभाळ ठेंगणं. माझ्या फ्रेंचाचाच तो प्रयोग.

आडतीच्या गोदामातून लोखंडी पाइपाचा पुरुषभर तुकडा मिळाला. अंगणात तो उभा केला, आत मांजरा नदीची वाळू भरली, खाली तोटी. वर मडकं टांगलं, त्याच्या भोकातून धार. पाण्याची उंची जास्त तर खालून पाणी जास्त, वाळूचा थर जाड तर पाणी कमी. नियम एवढाच आहे. पण तो एवढा साधा करून ठेवायला एक अख्खं आयुष्य लागलं होतं.

पहिल्या दिवशी पाणी झकास आलं. दुसऱ्या दिवशी थोडं कमी. मग रोज कमी कमी. पाण्याची उंची तीच, वाळू तीच, पाणी मात्र आटत चाललं. मी पाइप ठोकून वाळू हलवली, तोटी बदलली, मडकं बदललं; पाइपाच्या तोंडातून आत डोकावणं तेवढं सुचलं नाही. शेवटी मी निष्कर्ष काढला. कसला, तर हा नियम उदगीरला लागू होत नाही. फ्रान्सची वाळू वेगळी असणार, मराठवाड्याची वेगळी. साहेबांपुढं हे कसं मांडायचं, याचं मी न्हाणीत भाषण पाठ केलं. नियमाला माझं नाव जोडता येईल का, हेही मनात येऊन गेलं. एवढी अक्कल सांभाळत ती पोरगी एसटीतून पडली कशी नाही, याचं मला आज नवल वाटतं.

श्रावणातल्या सोमवारी स्वामी आले. म्हातारे, किरकोळ, कानाला जरा कमी ऐकू यायचं. शरणार्थ म्हणून नमस्कार झाले, पाय धुतले, पूजा झाली. ते देवघरापुढं बसले आणि नजर डाव्या हाताला गेली.

"हे कोण म्हणायचे?"

"परांसचे स्वामी," अव्वा म्हणाल्या. "सूनबाईचे गुरू."

स्वामींनी चष्मा चढवला, चौकट हातात घेतली, जवळ धरली, लांब धरली. मग त्यांनी मला विचारलं, "लिंगधारी हायेत का?"

ह्यांनी खांबाआडून डोळे मिटून घेतले. मला दिसत होतं, आत्ता खोटं बोलले तर नोकरी राहते. पण स्वामींपुढं हुमनाबादच्या पुढचं गाव चालण्यासारखं नव्हतं.

"नाहीत," मी म्हटलं. "इंजिनिअर आहेत. फ्रान्स देशाचे. कधीच वारले."

मामंजी उठून उभे राहिले. "बघा. म्हनलं नव्हतं मी? पानी मुरतंय म्हनून?"

अव्वा माझ्याकडं वळल्या. "म्हंजे मी रोज सकाळी इंजिनिअरला भस्म लावून राह्यले?"

स्वामी म्हणाले, "लावलं तर लावलं. त्यांनी काय तक्रार केली का?" मग माझ्याकडं वळून, "काय केलं ह्यांनी, ते सांग. मोठ्यानं सांग."

मी पहिला भाग सांगितला. तो अव्वांना पाठ होता, एकदोनदा त्यांनीच पुढचं वाक्य सांगितलं. मग मी शेवटचा सांगितला, तो कुणालाच सांगितला नव्हता. त्याच्या देशात राज्य उलथलं. नव्या राज्यकर्त्यांना हा जुन्यांचा माणूस वाटला, आणि ज्या गावाला यानं पाणी पाजलं त्या गावातूनच याला हलवलं. राजधानीत पुन्हा मोठी जागा मिळाली, पण तब्येत गेली. तेव्हा यानं कामातून सूट मागून घेतली आणि आपल्या गावी परत आला. रेल्वे आणलेला, बोगद्याची आखणी केलेला माणूस, आणि आजारी अंगानं दवाखान्याच्या आवारात एक लोखंडी नळकांडं उभं करून, त्यात वाळू भरून, खालून पाणी किती येतं ते बघत बसला. तो नियम त्यानं आपल्या ग्रंथाच्या शेवटी, पुरवणीत लिहिला. मग फार दिवस राहिला नाही. गेला तेव्हा गाव लोटलं होतं.

"नळकांडं म्हंजे आपल्या अंगनात हाय तसलं?" अव्वांनी विचारलं.

"तसलंच."

"म्हंजे ती पूजा न्हवती?"

मला काही कळेना. स्वामी मात्र उठले. सगळी वरात अंगणात. स्वामींनी टाचा उंच करून पाइपात डोकावलं आणि हसायला लागले. आत वाळूवर बेलाची पानं, आणि त्यावर साय धरावी तसा भस्माचा थर.

वर मडकं, थेंब थेंब धार, खाली उभा काळा पाइप. शंकराच्या पिंडीवर गळती टांगतात, तसं ते दिसायचं. मी सकाळी एसटीनं गेले की अव्वा आंघोळ करून यायच्या, बेल वाहायच्या आणि भस्म कालवलेलं पाणी वरून घालायच्या. सुनेच्या गुरूची पूजा सुनेच्या माघारी चुकू नये म्हणून.

"अव्वा, तुम्ही ह्यात रोज भस्म टाकता?"

"मग? भस्माबिगर पूजा व्हती व्हय?"

बारीक राखेनं वाळूची तोंडं बुजली होती. पाण्याला वाटच नव्हती. नियम उदगीरलाही लागू होता, तो अगदी फ्रान्ससारखा. लागू होत नव्हते ती मी. माझी जी काय जिरली, ती तिथं अंगणात, स्वामींच्या साक्षीनं. मी खाली बसले आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं.

अव्वा हसत नव्हत्या. त्यांनी पाइपाची तोटी सोडून बघितली. कसाबसा एक थेंब आला.

"म्हंजे माज्यामुळं हिचं पानी अडलं?"

"तुम्हाला कुठं ठाऊक होतं, अव्वा."

"अडलं का न्हाई, ते सांग."

"अडलं."

अव्वांनी पदर खोचला. वाळू उपसायला घेतली, ह्यांना हाक मारून नवी वाळू मागवली. मामंजी म्हणाले, "अगं स्वामी उभे हायेत. आधी ह्या नोकरीचं काय ते इचार त्यांना."

अव्वांनी वाळूचा हात झटकला. "त्यात इचारायचं काय? मी भक्तीनं घातलं तर पानी अडलं. तुमी तर रागानं घालून राह्यलाव. ती उद्या पैल्या गाडीनं जाईल."

मामंजींनी स्वामींकडं बघितलं. स्वामींनी कानामागं हात धरून विचारलं, "काय म्हनली?" कुणी पुन्हा सांगितलं नाही. ते हसले, आणि नवी वाळू भरून होईतो अंगणातच पाटावर बसून राहिले. मडकं भरलं, धार लागली, आणि खालची तोटी गळायची ती वाहायला लागली. पहिलं फुलपात्र अव्वांनी स्वामींना दिलं.

मी त्या नोकरीतूनच निवृत्त झाले. देवणीच्या बाजूला माझ्या हातचे बरेच नळ आहेत, काही अजून चालतात.

चौकटीचं मात्र राहिलं होतं. स्वामी गेल्यावर मामंजींनी ती काढून माझ्या ट्रंकेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी मी देवणीहून आले तर पुन्हा देवघरात, भस्म लावलेली. मी विचारलं तर अव्वा म्हणाल्या, "आता सवय झाली. इंजिनिअर असले तर असूं दे. परांसचे हायेत." आणि पुढं एक नवीन गोष्ट होती, पाण्यानं भरलेलं छोटं फुलपात्र. "त्यांनी मागितलेलं व्हतं की," अव्वा म्हणाल्या, "घरचं पानी."

मरेपर्यंत असा करार होता, मरून गेल्यावरचा नव्हता, हे मी त्यांना सांगितलं नाही. अव्वा होत्या तोवर त्यांनी भरलं, मग मी. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात आमच्याही नळाला थेंब नव्हता, तेव्हा मी पात्र बदलून पळी ठेवली. पण ठेवली. रेल्वेचं त्यालाही अप्रूप वाटलं असतं.

नातसून सगळं ऐकून म्हणाली, "आज्जी, आणि रोज त्या पाण्याचं काय करता?"

"तुळशीला घालते."

"वाळू आहे का तिच्या कुंडीत?"

मी तिच्याकडं नीट बघून घेतलं. ही पोरगी टिकेल. येत्या सोमवारी तिची लातूरला नोकरीची मुलाखत आहे, पाणीपुरवठ्याचंच काम. तिचा सासरा, म्हणजे माझा मुलगा, रोज जाणं-येणं लांब पडेल असं काहीतरी दोन दिवस पुटपुटतोय. आज सकाळी मी त्याच्या हातात भस्माची वाटी दिली आणि अंगणात तो पाइप उभा होता ती जागा दाखवून म्हटलं, "घाल की, बघू किती घालतोस." वाटी तशीच परत आली. नातसुनेनं फुलपात्र भरलं.